राजा राहो वा जावो, त्याच्या नावाने चालणाऱ्या कारभाराचं काय?

पुण्यात कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "ब्रिटनची राजेशाही रद्द व्हावी की राहावी? आपण २६ जानेवारी १९५० ला त्यांच्या राजाला रामराम ठोकला. मग त्यांना स्वतःला ते अजून का जमत नाही? आणि एवढा खर्च कशासाठी?"

मी मूळची कराडची, वीसेक वर्षं लंडनमध्ये सॉलिसिटर आहे. सरकारी निर्णयांना कोर्टात आव्हान देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझं उत्तर थोडं वकिली आहे. राजेशाहीवाल्यांना ते आवडत नाही आणि प्रजासत्ताकवाल्यांनाही नाही. एक माणूस राजवाड्यात राहतो, हात हलवतो, झाडं लावतो, याने देशाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते 'क्राउन', म्हणजे राजाच्या नावाने चालणारी राज्यसत्ता, या कायदेशीर संकल्पनेने. ती वापरतो पंतप्रधान, आणि राजा गेला म्हणून ती आपोआप जात नाही. नुसता राजा घालवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. हा संन्यासी चांगलाच गब्बर आहे, हे मान्य. त्याकडे पुढे येते.

क्राउन म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकातून कळत नाही, माझ्या टेबलावरच्या फायलीवरून कळतं. समजा पाटील नावाच्या माणसाचा व्हिसा गृहखात्याने चुकीच्या पद्धतीने नाकारला आणि आम्ही न्यायालयीन पुनर्विलोकनाचा अर्ज केला. तर दाव्याचं शीर्षक 'पाटील विरुद्ध गृहमंत्री' असं नसतं. ते असतं 'द किंग, पाटील यांच्या अर्जावरून, विरुद्ध गृहमंत्री'. म्हणजे कागदोपत्री राजाच फिर्यादी. आणि गृहमंत्री कोण? तर त्याच राजाचा मंत्री. निकाल देणारे न्यायाधीश कोणाचे? राजाचेच. फौजदारी खटल्यात आरोपीवर फिर्याद गुदरतो तोही क्राउनच. ८ सप्टेंबर २०२२ ला, गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला राणी एलिझाबेथ गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आमचं पहिलं काम काय, तर साच्यातल्या कागदांवर 'क्वीन'च्या जागी 'किंग' करणं. क्वीन्स बेंचचं रातोरात किंग्ज बेंच झालं, क्वीन्स काउन्सेल वकील किंग्ज काउन्सेल झाले. एका सहकाऱ्याच्या मसुद्यात एकाच पानावर दोन्ही राहिले होते. दाव्याचं मात्र काडीचंही बिघडलं नाही, कारण माणूस बदलला तरी क्राउन मरत नाही.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही. साताऱ्याहून छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं यायची आणि कारभार चालायचा शनिवारवाड्यातून. हुकूम कोणाच्या नावाने आणि मर्जी कोणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ब्रिटनमध्ये निवडणूक जिंकलेला नेता आजही राजवाड्यात जाऊन नेमणूक घेऊन येतो. फरक एवढाच की इथली पेशवाई वंशपरंपरेने चालत नाही.

आता या नावाच्या आडून काय काय होतं ते बघा. पूर्वी राजा स्वतःच्या अखत्यारीत जे करायचा ते अधिकार, प्रेरॉगेटिव्ह, संसदेने काढून घेतले नाहीत तोवर शिल्लकच राहिले. ते वापरायला लागले मंत्री. तुम्हाला जवळचं वाटेल असं उदाहरण पासपोर्टचं आहे. ब्रिटिश नागरिकाला पासपोर्ट देणं किंवा काढून घेणं हे आजही कुठल्या पासपोर्ट कायद्याखाली होत नाही, ते प्रेरॉगेटिव्हखाली होतं. भारताने हीच वहिवाट इंग्रजांकडून उचलली होती. १९६७ मध्ये सतवंतसिंग सहानी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की, कायदा नसताना सरकार कोणाला पासपोर्ट देणार आणि कोणाला नाही, हे कोण ठरवणार? त्याच वर्षी आपला पासपोर्ट कायदा झाला. तुमच्या अभ्यासक्रमात मनेका गांधी खटला असेल, तो या कायद्यावरचा. ब्रिटनमध्ये तो प्रश्न अजून तिथेच आहे. (राजाला स्वतःला पासपोर्ट लागत नाही. तो त्याच्याच नावाने निघतो ना!)

दुसरं उदाहरण अंगावर काटा आणणारं. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या लोकांना १९६८ ते १९७३ या काळात हलवलं गेलं, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा होता. पुढे २००० साली लंडनच्या कोर्टात ते लोक जिंकले. मग २००४ च्या जूनमध्ये सरकारने काय केलं? संसदेत विधेयक आणलंच नाही. राणीच्या प्रिव्ही कौन्सिल या सल्लागार मंडळात हुकूम काढला आणि परतीचा रस्ता पुन्हा बंद केला. चर्चा नाही, मतदान नाही. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी (तेव्हा तेच सर्वोच्च न्यायालय) तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तो हुकूम वैध ठरवला. राणीने हे केलं असं कोणी म्हणणार नाही. तिच्या नावाने मात्र झालं.

तिसरं २०१९ चं. ब्रेक्झिटच्या ऐन धामधुमीत पंतप्रधान जॉन्सन यांना संसद पाच आठवडे बंद हवी होती. २८ ऑगस्टला तिघे मंत्री-सल्लागार स्कॉटलंडमधल्या बालमोरल वाड्यावर गेले, राणीसमोर हुकूम वाचला गेला, तिने होकार दिला. तेव्हा ती त्र्याण्णव वर्षांची होती. तिला 'नाही' म्हणता आलं असतं का? घटनेच्या रिवाजाप्रमाणे नाही. राजाने मंत्र्यांच्या सल्ल्यानेच वागायचं, हाच तर सगळा डोलारा. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी तो हुकूम बेकायदा ठरवला. तो हुकूम म्हणजे जणू कोरा कागदच होता, असं न्यायालयाने म्हटलं. त्या दिवशी आमच्या ऑफिसात कोणीही दुपारपर्यंत काम केलं नाही, सगळे पडद्याला डोळे लावून.

इथे माझा राजेशाहीवाल्यांशी वाद सुरू होतो. ते म्हणतात, राजा हा शेवटचा बांध आहे, कोणी हुकूमशहा व्हायला निघाला तर तो अडवेल. अहो, २०१९ ला बांधावरून पाणी गेलं. अडवलं ते न्यायालयाने. पण प्रजासत्ताकवाल्यांनाही मी तेवढंच विचारते: राणीच्या जागी एखादी निवडून आलेली राष्ट्राध्यक्ष असती आणि पंतप्रधानाचा सल्ला तिच्यावर बंधनकारक असता, तर वेगळं काय झालं असतं? रोग सहीचा नाही, सल्ल्यामागच्या मोकाट अधिकाराचा आहे. आणि त्यातून धडा काय घेतला? २०२२ मध्ये संसदेनेच नवा कायदा करून संसद विसर्जित करण्याचा अधिकार पुन्हा प्रेरॉगेटिव्हकडे दिला. वर कलम घातलं की त्या विसर्जनाची न्यायालयाने तपासणी करायची नाही. राजाचं नाव पुढे असलं की असे अधिकार किती सोज्वळ दिसतात!

खर्चाबद्दल. हा मुद्दा सगळ्यात जास्त गाजतो आणि मला सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो, म्हणून भराभर सांगते. राजाला सरकारकडून 'सॉव्हरिन ग्रँट' मिळते. काही वर्षं ती ८.६३ कोटी पौंड होती, २०२५-२६ साठी १३.२१ कोटी झाली. यात पोलिस बंदोबस्त धरलेला नाही. तो धरून आणि इतर उत्पन्न मोजून 'रिपब्लिक' ही राजेशाहीविरोधी संघटना ५० कोटींच्या वरचा आकडा मांडते. ही रक्कम क्राउन इस्टेट नावाच्या जमीनजुमल्याच्या नफ्याच्या टक्केवारीवर ठरते, आणि कायद्यात गंमत अशी की ती आदल्या वर्षापेक्षा कमी होऊ शकत नाही. समुद्रतळ क्राउन इस्टेटचा, त्यावर पवनचक्क्या आल्या, नफा फुगला, म्हणून राजाचीही चलती. "पण ती राजाचीच मालमत्ता ना, उलट तोच सरकारला पैसे देतो," असं व्हॉट्सॲपवर फिरतं. खोटं. जॉर्ज तिसऱ्याने १७६० मध्ये हे उत्पन्न सोडलं, कारण त्यातून सरकार चालवायचा खर्च करण्याची त्याची जबाबदारीही सुटली. राजेशाही गेली तरी क्राउन इस्टेटचा लंडनमधला रीजंट स्ट्रीट सरकारचाच राहील. पर्यटनाचं म्हणाल तर फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात राजा नाही आणि गर्दी कमी नाही. हा वाद मी इथेच मिटवते.

जे खरोखर टोचतं ते ग्रँटमध्ये दिसतच नाही. सामान्य माणसाच्या वारसांना ३,२५,००० पौंडांच्या वरच्या मालमत्तेवर साधारणपणे ४० टक्के वारसाकर बसतो. राजाकडून राजाकडे गेलेल्या मालमत्तेवर काही नाही, १९९३ पासूनचा तसा समझोताच आहे. शिवाय डची, म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेल्या जहागिरी: लँकेस्टरची डची ही राजाची आणि कॉर्नवॉलची युवराजाची. प्रेस्टनमध्ये एखादा माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि त्याला कोणी नातेवाईक सापडला नाही, तर बँकेतली त्याची शिल्लक सरकारजमा होत नाही, लँकेस्टरच्या डचीत जाते. त्यातून खर्च वजा जाता पैसा धर्मादाय कामांना दिला जातो, असं डची सांगते. असेल. पण मध्ययुगातला हा हक्क एकविसाव्या शतकात कोणी विचारून ठेवला आहे?

आणि 'किंग्ज कन्सेंट'. हे 'रॉयल असेंट'हून वेगळं. विधेयक मंजूर झाल्यावरची राजाची संमती ही औपचारिक, ती शेवटची नाकारली १७०८ मध्ये राणी ॲनने, तीही मंत्र्यांच्या सल्ल्याने. कन्सेंट मात्र आधी लागतो: विधेयक राजाच्या अधिकारांना किंवा खासगी हितसंबंधांना स्पर्श करत असेल तर ते मंजूर होण्यापूर्वी मसुदा राजवाड्यावर दाखवायचा. २०२१ मध्ये गार्डियन वृत्तपत्राने अभिलेखागारातले जुने कागद काढून दाखवलं की १९७३ मध्ये राणीच्या वकिलाने शेअर्सची मालकी उघड करणाऱ्या कायद्यात बदल व्हावा म्हणून मंत्रालयाशी बोलणी केली होती. ही संमती निव्वळ औपचारिक असते, असं राजवाड्याने उत्तर दिलं. मग कागद उघडे ठेवा की! पण माहितीच्या अधिकारात २०१० साली दुरुस्ती करून राजा आणि वारसाबरोबरचा पत्रव्यवहार पूर्णपणे वगळला. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं.

एवढं सगळं म्हणूनही मी राजेशाही उद्याच उडवा असं का म्हणत नाही? एक कारण आयर्लंडचं आहे. २०११ च्या मे महिन्यात राणी डब्लिनला गेली. स्वतंत्र आयर्लंडमध्ये ब्रिटिश राजा वा राणीने पाऊल ठेवण्याची ती पहिली वेळ. इंग्रजांविरुद्ध लढून मेलेल्यांच्या स्मारकापुढे तिने फुलं वाहिली आणि मान खाली घातली. पुढच्या वर्षी बेलफास्टमध्ये तिने मार्टिन मॅकगिनेस यांच्याशी हस्तांदोलन केलं. हे गृहस्थ एकेकाळी आयआरए या ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेचे कमांडर, आणि त्याच आयआरएने १९७९ मध्ये माउंटबॅटन यांना बोटीसह उडवलं होतं, म्हणजे तिच्या घरातल्या माणसाला. हीच मान कुठल्या पंतप्रधानाने झुकवली असती, तर दुसऱ्या दिवशी विरोधकांनी त्याला देशद्रोही ठरवलं असतं. ज्याला मतं मागायची नाहीत त्याला असली कामं झेपतात. माझ्या ऑफिसातला एक आयरिश सहकारी, कट्टर प्रजासत्ताकवादी, डब्लिनचं ते दृश्य बघताना गप्प झालेला मला आठवतो. मग तोच म्हणाला, "शेजारी कोण उभी आहे बघ." शेजारी होत्या आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकॲलीस, जन्माने बेलफास्टच्या, मतांवर निवडून आलेल्या, हाती फारशी सत्ता नसलेल्या. त्यांनीही तेवढंच मोठं काम केलं होतं. हा मुद्दा माझ्या मनात दोन्ही बाजूंनी ओढत राहतो. मला तो सोडवता आलेला नाही.

दुसरं कारण व्यवहाराचं. रद्द करायचं म्हणजे कसं? ब्रिटनला एका पुस्तकात लिहिलेली घटना नाही, त्यामुळे कलम बदला असं म्हणता येत नाही. कायदा करावा लागेल, बहुधा आधी सार्वमत. मौज म्हणजे त्या विधेयकालाही राजाचा कन्सेंट आणि असेंट लागणार. थोरल्या मुलीलाही धाकट्या भावाआधी गादी मिळावी एवढा साधा बदल २०११ मध्ये पर्थला ठरला, तो अमलात यायला २६ मार्च २०१५ उजाडलं, कारण हाच राजा ज्यांचा आहे त्या इतर सगळ्या देशांची संमती लागली. आज ब्रिटन धरून असे पंधरा देश आहेत. कॅनडाचं तर असं की तिथे हे पद रद्द करायला संसदेबरोबर दहाही प्रांतांच्या विधिमंडळांची संमती लागते.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव मी तुम्हाला स्पर्धेत, परीक्षेत, कुठेही विसरू नका असं सांगेन. तिथे ११ नोव्हेंबर १९७५ ला राणीचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी निवडून आलेले पंतप्रधान व्हिटलम यांना बडतर्फ केलं. राजाचे 'राखीव अधिकार' मेलेले नाहीत याचा तो जिवंत पुरावा. केर आणि राजवाड्यातला पत्रव्यवहार बाहेर यायला २०२० साल उजाडलं, तेही कोर्टातून. एवढी जखम झाल्यावर तो देश सहज प्रजासत्ताक होईल असं वाटेल. १९९९ मध्ये सार्वमत झालं आणि जवळपास ५५ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. कारण लोकांचं राजावर प्रेम होतं असं नव्हे. राष्ट्राध्यक्ष संसदेने निवडायचा असा प्रस्ताव होता, आणि ज्यांना तो थेट मतदानाने हवा होता त्यातले पुष्कळजण राजाच्या बाजूला जाऊन बसले. बार्बाडोसने हा घोळच घातला नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ला गव्हर्नर जनरल सँड्रा मेसन राष्ट्राध्यक्ष झाल्या. माणूस तोच, खुर्चीचं नाव नवं. सार्वमत घेतलंच नाही.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. आपल्याला १९५० ला ते 'जमलं' असं म्हणताना जरा थांबा. १५ ऑगस्ट १९४७ नंतर अडीच वर्षं सहावा जॉर्ज भारताचाही राजा होता. आपण घटना कोऱ्या कागदावर लिहायला बसलो होतो, म्हणून त्याला काढणं सोपं गेलं. पण खुर्ची कोणत्या मापाची घेतली? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं की आपल्या राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे: राज्याचा प्रमुख, कारभाराचा नव्हे. आपण राजघराणं काढलं, पद ठेवलं, आणि त्याचे अधिकार कलमांत लिहून काढले. हे तिसरं काम सगळ्यात मोलाचं होतं. आणि जिथे नीट लिहिलं नाही तिथे, उदाहरणार्थ राज्यपालांच्या बाबतीत, आपलीही तीच पंचाईत होते हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. संस्थानिकांचे तनखे बंद करायलासुद्धा १९७१ ची सव्विसावी घटनादुरुस्ती लागली.

तेव्हा माझा क्रम असा. आधी प्रेरॉगेटिव्ह कायद्यात आणा: पासपोर्ट, युद्धात उतरणं, प्रिव्ही कौन्सिलचे हुकूम, संसद बंद करणं. कन्सेंट रद्द करा, पत्रव्यवहार खुला करा, वारसाकर घ्या, दोन्ही डची सरकारजमा करा. स्वीडनने १९७५ पासून जवळजवळ हेच केलं. तिथला राजा कायद्यावर सही करत नाही, पंतप्रधानाचं नाव संसदेचा सभापती सुचवतो, राजा फिती कापतो. एवढं झाल्यावर ब्रिटनमध्येही राजा उरला काय, गेला काय, तो आवडीनिवडीचा प्रश्न होईल. त्या दिवशी मतदान झालं तर मी राष्ट्राध्यक्षाच्या बाजूने मत देईन, पण त्यासाठी पावसात रांगेत उभी राहीन की नाही, सांगता येत नाही. आज मात्र क्रम उलटा केलात, राजा आधी घालवलात, तर मोकाट अधिकार तसेच राहतील आणि ते वापरणाऱ्याला 'मी जनतेचा' म्हणायची सोय होईल. ती मला जास्त धोक्याची वाटते.

एक वकिली गंमत. १८४८ च्या देशद्रोहाच्या एका कायद्याप्रमाणे राजाला पदच्युत करण्याचा मनसुबा छापून प्रसिद्ध करणं हा ब्रिटनमध्ये अजूनही गुन्हा आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. २००३ मध्ये लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी ते कलम कालबाह्य असल्याचं म्हटलं, पण रद्द कोणी केलेलं नाही. हे वाचताना तुम्ही पुण्यात आहात आणि लिहिताना मी लंडनमध्ये, तेव्हा काळजी माझीच.

शेवटी तुम्ही विचारलं नाही ते सांगते, कारण इथल्या मराठी मंडळींत नेहमी निघतं. २००९ मध्ये मी ब्रिटिश नागरिक झाले. कौन्सिलच्या हॉलमध्ये राणीचा फोटो, तीसेक माणसं, चहा-बिस्किटं, आणि उभं राहून शपथ: राणी एलिझाबेथ, तिचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी मी कायद्याप्रमाणे एकनिष्ठ राहीन. माझे आजोबा साताऱ्याच्या प्रतिसरकारात होते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांनी बेचाळीसला हिच्या बापाविरुद्ध भूमिगत व्हायचं आणि तू हिची शपथ घेतेस?" मी तिला तेव्हा शपथेतला एक शब्द वाचून दाखवला, तोच तुम्हालाही दाखवते: 'कायद्याप्रमाणे'. उद्या संसदेने कायद्याने राजा काढला तर माझी शपथ मोडत नाही. आई म्हणाली, "वकील झालीस, दुसरं काय!"